‘पारंपरिक’ असं मीच लिहिलं होतं

व्हिडिओ पाठवायचा तर नुसतं गाऊन भागत नाही हो आता! चेहरा दिसला पाहिजे, हात दिसले पाहिजेत, मोबाईल हलता कामा नये, मागे कराओके नको, मध्ये कापाकापी नको आणि सगळं तीन मिनिटांत. सदाशिव पेठेत बावीस वर्षं गाण्याचा क्लास चालवतेय मी, पण गेल्या आठवड्याइतका वैताग कधी आला नव्हता. पहिल्या रेकॉर्डिंगला शेजारचा कुकर. दुसऱ्याला घंटागाडी. तिसऱ्याला खाली एका गृहस्थांची स्कूटर सुरू होईना आणि ते थांबायला तयार नाहीत. चौथ्यांदा सगळं जमलं, तर मोबाईलमधली जागा संपली.

रुमाना मात्र हूं की चूं न करता पाचव्यांदा उभी राहिली आणि सुरेख गायली. शालेय मुलांची राज्यस्तरीय स्पर्धा, वयाची अट सोळा. रुमानाला पुढच्या महिन्यात सोळा पूर्ण होतात, म्हणजे ही शेवटची संधी. निवड झाली तर दोन वर्षं मोठ्या गुरूंकडे मोफत तालीम. माझ्याकडचं सगळं तिला देऊन झालंय, हे मला कळतं. तिलाही कळतं, पण पोरगी गुणी आहे, बोलत नाही.

व्हिडिओ पाठवला आणि सुटलो म्हटलं. कसलं काय! शुक्रवारी भरदुपारी स्पर्धेच्या कार्यालयातून कुणा पुष्करचा फोन.

“मॅडम, गीतकार आणि संगीतकाराच्या रकान्यांत तुम्ही ‘पारंपरिक’ लिहिलंय.”

“अहो, भोंडल्याचं गाणं आहे ते. पारंपरिकच असणार. भोंडल्याला कोण कॉपीराइट सांगतंय?”

“सांगितलाय. तुमच्याच यूट्यूबवर. खाली कॉमेंट वाचा.”

वाचली. गेल्या वर्षी क्लासच्या कार्यक्रमात मुलींनी तेच गाणं म्हटलं होतं, त्याखाली कुणी विश्वजीतने लिहिलं होतं, ‘हे गाणं माझी आजी सोजरबाई जगताप हिने रचलं आहे. कृपया नाव द्यावे. खडकी.’ आणि त्याखाली माझं उत्तर: ‘पुराव्यानिशी बोलावे. आमच्या बाईंकडून आलेले गाणे आहे.’ बाई म्हणजे माझ्या गाण्याच्या गुरू. हे लिहून मी त्या दिवशी मोठ्या समाधानाने चहा घेतला होता. आमच्याकडे पद्धतच तशी. गाणी एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवायची आणि नाव माहीत नसलं की बिनधास्त ‘पारंपरिक’ ठोकून द्यायचं.

“सहापर्यंत त्यांचं संमतीपत्र द्या, नाहीतर प्रवेशिका बाद,” पुष्कर म्हणाला. “व्हिडिओ सहापर्यंत बदलता येईल, गाणं बदलायची मुदत काल संपली.”

नियम करणाऱ्यांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या आणि विश्वजीतला मेसेज केला, ‘आजींना भेटता येईल का?’ उत्तर आलं, ‘या. आजी घरीच असते. गेल्या वर्षीही घरीच होती.’

पत्ता मागून घेतला, रुमानाला मागे बसवलं आणि स्कूटर खडकीकडे काढली.

सोजरबाई शहाऐंशीच्या. खाटेवर ताठ बसल्या होत्या. त्यांचे यजमान दारूगोळा कारखान्यात होते, सगळा संसार क्वार्टरात झालेला. मी संमतीपत्राचा कागद पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि रुमानाला म्हणाल्या, “म्हण बघू.”

रुमाना गायली. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “आवाज लई गोड हाय गं पोरी. पण माझं शेवटचं कडवं कुटं गेलं?”

“कुठलं कडवं?” मी विचारलं.

त्यांनी फाटक्या आवाजात म्हणून दाखवलं.

शेवगा झडला, अंगण भरलं,
सोजर म्हणे, जा गं घरी.

“क्वार्टरातल्या पोरींसाठी बांधलं व्हतं म्या. तुझ्या बाई तवा इथल्या शाळंत शिकवायच्या. माझ्याच वसरीत बसून वहीत उतरवून नेलं. मग येवढंच का गाळलं?”

बाई जाऊन पंधरा वर्षं झाली. माझ्या वहीत ते कडवं कधी नव्हतंच.

“सही करते,” आजी म्हणाल्या, “पण गाणं पुरं म्हणायचं.”

घड्याळात पावणेपाच. “आजी, तीन मिनिटांच्या वर गेलं तर बाद करतात हो!”

“मग ते सुरुवातीचं आऽऽ आऽऽ काढा की. ते म्या घातलंच न्हवतं.”

तो आलाप माझा होता. दोन महिने घासून बसवलेला. “अहो, त्यातच तर तिची तयारी दिसते!” मी जवळजवळ ओरडलेच.

“मॅडम,” रुमाना हळूच म्हणाली, “आलाप नको. मला कडवं म्हणायचंय.”

सहा वर्षांत पोरीने माझा शब्द मोडला नव्हता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तिचं बरोबर होतं, आणि वाद घालायला वेळही नव्हता. विश्वजीतने पंखा बंद केला, मोबाईल डब्यांच्या उतरंडीवर टेकवला, मी दुसऱ्या मोबाईलवर तंबोरा लावला. रुमानाने दोनदा कडवं घोकलं आणि एका दमात गाणं म्हटलं. ‘सोजर म्हणे’ आलं तेव्हा आजींनी पदराचा बोळा तोंडात धरला, रेकॉर्डिंगमध्ये हुंदका जाऊ नये म्हणून. दोन मिनिटं बावन्न सेकंद.

मी दोन्ही रकान्यांत सोजरबाई जगताप लिहिलं. त्यांनी एकेक अक्षर कोरून सही केली, आणि मी घड्याळाकडे बघत नुसती चडफडत बसले. पाच एकोणपन्नासला ‘प्रवेशिका स्वीकारली’ असा मेसेज आला तेव्हा रुमानाने मला गच्च मिठी मारली.

सुटले बाई एकदाची, म्हणून मी पर्स उचलली, तर आजींनी मनगट धरलं.

“आजवर किती पोरींना शिकवलंस हे गाणं?”

“असतील साठ-सत्तर.”

“त्यांचे फोन नंबर हायत?”

“आहेत.”

“मग लाव की एकेकीला. कडवं मी सांगते.”

विश्वजीतने माझा मोबाईल चार्जरवरून काढला आणि माझ्या हातात दिला.