वस्त्रगाळ माती

सत्यभामाबाईच्या भिंती बघून आसपासच्या बायकांच्या पोटात दुखायचं. महालक्ष्म्या असोत की दिवाळी, घर पोतारायचं तर टेकडीवरच्या पांढऱ्याशुभ्र मातीनंच, आणि तीही जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलेली. स्वतः गाळायची म्हणता? छे! सून आल्यावर सासूनं धुळीत बसायचं असतं होय! सव्वीस वर्षं सारिकानंच गाळली. खोकली की म्हातारी म्हणायची, "पदर लाव अन् गाळ. मातीनं काय मरते का कोनी?"

आता ती सारिका संभाजीनगरच्या दवाखान्यात बरगडीत नळी घालून पडली होती. नळीतून लालसर पाणी बाटलीत उतरत होतं. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा. पाणी काढायचं, मग दर तीन आठवड्यांनी किमो. बरी होईल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या, दिवस वाढतील म्हणाल्या होत्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "घरचं कोणी अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्याच्या कारखान्यात होतं का? बारीक तंतूंची धूळ? त्यानंच होतो हा आजार. कुठेकुठे मातीतही असते."

सत्यभामाबाईला टेकडीवरची माती आठवली. ती माती चिमटीत चोळली की धागे सुटायचे, हजारदा पाहिलं होतं तिनं. तरी बोलली काय, तर "नाई बाई, आमी शेतीवाले."

तेव्हापासून तिला घास गिळवेना. उलट सारिकाच विचारायची, "आत्याबाई, जेवल्या का?" ते विचारणं मेलं जिव्हारी लागायचं.

चौथ्या दिवशी शेजारच्या चांगुणाचा फोन आला. "काकू, महालक्ष्म्या जवळ आल्या. आमी माती आनाले चाल्लो. तुमच्यासाठी आनू का?"

"हात लावू नोको!" म्हातारी इतकी ओरडली की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. "कोनालेच जाऊ देऊ नोको तिकडं. पाया पडते तुह्या!"

फोन ठेवून ती तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरली. सारिकाची लेक योगिनी आईची फाइल घेऊन मागोमाग धावली. म्हातारीनं टेकडी, फडकं, खोकला, सगळं भडाभडा ओकून टाकलं. "म्याच मारलं माह्या सुनेले."

"आजी, तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"तुमी इचारलं तवा त मालूम होतं. तरी लपवलं."

डॉक्टरांनी योगिनीच्या हातातली फाइल घेतली. मग म्हणाल्या, "माती तपासून घेऊ. सारिकाताईंचं औषध यानं बदलत नाही. पण त्या धुळीत आणखी कोण होतं, ते कळायला हवं. घरात लहान मूल असायचं?"

सारिका गाळायला बसली की रांगती पोर आईला चिकटायची. काम अडतं म्हणून सत्यभामाबाईच त्या मऊ मातीचा ढीग पोरीपुढं ओतायची. पोर मुठी भरभरून उधळायची, अन् ही कौतुकानं बघत बसायची. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आता गप्प राहायची हिंमत नव्हती.

"हे होती," तिनं योगिनीचा हात धरला. "म्याच बसवलं हिले."

डॉक्टरांनी कोरा केसपेपर पुढं ओढला.

"योगिनी, तुझं पूर्ण नाव सांग. आणि वय."