उजव्या कानात बाबा, डाव्या कानात पाखरू

दचकू नका, मी हेडफोन बोलतोय. आयुष्यभर लोकांच्या कानात दुसऱ्यांचंच बोलत आलो. स्वतःचं आज पहिल्यांदाच बोलतोय, तेव्हा थोडं मागेपुढे होईल, सांभाळून घ्या. त्यातून माझा स्वभाव असा की एक बाजू धरून बोलणं मला जमतच नाही. मला बाजू दोन, आणि त्या दोघींचं जन्मात कधी पटलं नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या दोन वाट्यांना मऊ फोम चिकटवला, दुसरीने वायर जोडली, तिसरीने मला कानाला लावून पाहिलं आणि "चालतोय" म्हणून खोक्यात टाकलं. इतकं थोडक्यात आणि इतकं चांगलं माझ्याबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही.

तिथून मी आलो तो सायकलच्या दुकानावरच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत. दोनच खोल्या. आतल्या खोलीत भिंतींना जाड गालिचे, मध्ये माइक आणि माइकशेजारी एक खिळा. तो खिळा म्हणजे माझं घर. बाहेरच्या खोलीत यंत्रांसमोर रेकॉर्डिस्ट बसायचा. मनाने लोण्यासारखा माणूस, पण विसराळू असा की चष्मा कपाळावर आणि शोध टेबलाखाली. दोन खोल्यांमध्ये काच. काचेपलीकडून तो बोलला की ते माझ्यातून गाणाऱ्याच्या कानात जायचं.

माणसं गाताना मी इतक्या जवळून पाहिली आहेत की विचारू नका. बाहेर टेचात वावरणारे आत आले की पहिल्यांदा घसा खाकरतात, मग पाणी मागतात, मग माझी एक वाटी कानामागे सरकवतात. एका कानाने साथ ऐकायची आणि दुसऱ्याने स्वतःचा आवाज. सगळ्यांची हीच खोड. मला वाटायचं, यांना साथीवर विश्वास नाही की स्वतःवर?

आणि मग चिमी आली. चिमी हे तिचं घरचं नाव. पोस्टरवर दुसरंच काहीतरी झगमगीत असायचं. तेव्हा ती कोणीच नव्हती. चप्पल दाराबाहेर काढून आत आली, मला दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर ठेवलं आणि म्हणाली, "काका, घाबरून गायलं तर चालेल ना?" रेकॉर्डिस्ट म्हणाला, "सूर सोडू नकोस, बाकी काय हवं ते कर." मला ती तेव्हाच आवडली.

तिचं पहिलं गाजलेलं गाणं तिच्या मोडलेल्या प्रेमाचं होतं. आता गंमत ऐका. ज्याच्याशी मोडलं तो आमचाच ड्रमवाला. आणि त्याच गाण्यावर ड्रम वाजवायलाही तोच! त्या दिवशी मी त्याच्या डोक्यावर होतो. माझ्यातून त्याला ऐकू येतंय, 'मोजे घालून झोपणाऱ्या माणसा, तुझे पाय गरम, मन गार', आणि हा बिचारा मान खाली घालून ठेका धरतोय. कान तापून लाल झाले होते, माझा फोम ओला झाला, पण ठेका एवढासुद्धा हलला नाही. वाजवून झाल्यावर मला काढून ठेवत तो एवढंच म्हणाला, "मला थंडी वाजते म्हणून घालतो मी मोजे."

गाणं गल्लीबोळांत वाजायला लागलं. ड्रमवाला स्टेजवर आला की पब्लिक त्याच्यावर मोजे फेकायचं. तो हसून झेलायचा. पण स्टुडिओत एकटा असला की पाय बाकाखाली ओढून बसायचा, ते मी खिळ्यावरून पाहिलं आहे. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

माझी उजवी वाटी म्हणायची, "ही काय पद्धत झाली? दोघांमधलं गावभर करायचं?" तर डावी लगेच, "तिचं दुःख तिने नाही गायचं तर काय शेजारणीने गायचं?"

तेवढ्यात एक दिवस एक बाई जिना चढून धापा टाकत वर आली. चिमीचा हात धरून रडायलाच लागली. म्हणे, "मला वाटायचं असं फक्त माझंच होतं. तुमचं गाणं ऐकलं आणि पहिल्यांदा घरात तोंड उघडलं." आता बोला! त्या बाईचं बघावं की ड्रमवाल्याच्या मोज्यांचं? माझं डोकं पार गरगरलं. मला डोकं नाही, पण समजून घ्या.

खरा घोळ झाला तो पुढच्या गाण्यात.

आमच्या कामात गाईड नावाचा एक प्रकार असतो. वाजवणाऱ्यांना चाल कळावी म्हणून गायिका आधी कच्चं गाऊन ठेवते, तिला गाईड म्हणतात. त्यात शब्द कसेही चालतात, पक्कं गाताना बदलायचे. चिमी गाईडमध्ये अगदी खरंखुरं गायची. म्हणायची, "खरं गायलं की सूर आपोआप लागतो. शब्द काय, नंतर बदलू."

त्या गाण्याच्या गाईडमध्ये तिने गायलं, 'दार उघडं टाकून गेला बाबा, आई सांगते बोटीवर आहे.'

गाऊन झालं तर काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट डोळे पुसतोय. "बाई माझे, हे बदलायचं नाही," तो म्हणाला.

"बदलायलाच हवं, काका. आई लाँड्रीत इस्त्री करते ना, तिथे सगळ्यांना तिने सांगून ठेवलंय की बाबा परदेशी बोटीवर नोकरीला आहेत. मी लहान असल्यापासून. तिथे रेडिओ दिवसभर चालू असतो. हे वाजलं तर ती मान कशी वर करेल?"

"पण तुला नाही वाटत, हे तुझंही आहे?"

"वाटतं ना. म्हणून तर सुचेना झालंय."

ती खाली बसली, वहीतली ओळ खोडली, वर दुसरी लिहिली. मग उठली आणि पक्कं गायली, 'दार उघडं टाकून गेलं पाखरू, कोण जाणे कुठल्या गावी.' सूर चोख, उच्चार चोख. पण माझ्या फोमला काही जाणवलं नाही. रेकॉर्डिस्ट हट्टाला पेटला. म्हणाला, "थांब, फरक ऐकवतो तुला." त्याने गाईड माझ्या उजव्या वाटीत लावलं आणि पक्कं गाणं डाव्या वाटीत. एकाच वेळी उजवीकडे बाबा, डावीकडे पाखरू. चिमीने अर्धंच ऐकलं, मला काढून ठेवलं आणि म्हणाली, "पाखरूच राहू दे. माझा नाइलाज आहे."

आणि तेव्हाच जिन्यावर पावलं वाजली. चिमीची आई! संध्याकाळच्या कार्यक्रमाचा झगा स्वतः इस्त्री करून, हँगरवर लावून, हात उंच धरून घेऊन आली होती. झग्याला एक चुणी नव्हती, बाई मात्र घामाघूम.

"घालून बघ आधी, कमरेत सैल वाटतोय मला," आई म्हणाली. चिमी झगा घेऊन कपडे बदलायला गेली. आता पाहुणीला नुसतं बसवून कसं ठेवायचं? रेकॉर्डिस्टने मोठ्या कौतुकाने मला तिच्या डोक्यावर ठेवलं. "ताई, लेकीचं नवीन गाणं ऐका. जगाच्या आधी तुम्ही!" आणि बटण दाबलं. आपण दोन कानांत दोन गाणी लावून ठेवली आहेत, हे त्या विसराळू माणसाच्या गावीही नव्हतं.

मला सगळं कळत होतं. पण मी काय करणार? जे येतं ते मला बोलावंच लागतं.

आई आधी हसली. मग तिच्या कपाळावर आठी आली. दोन-दोन चिम्या कानात, दोघींचं वेगवेगळं चाललेलं! मग तिने हळूच माझी डावी वाटी कानामागे सरकवली. अगदी सराईत गायिकेसारखी. पाखरू मागे पडलं आणि ती उजव्या कानाने एकटं गाईड ऐकत राहिली. माझी वायर तिने मुठीत धरली होती, ती घट्ट घट्ट होत गेली.

चिमी झगा घालून बाहेर आली, आईच्या डोक्यावर मी आणि आईचा चेहरा पाहिला, आणि तिला सगळं कळलं. "काका! काय लावलंत तुम्ही?"

रेकॉर्डिस्टने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, यंत्राकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, ते गाईड आहे. ते बाहेर जाणार नाही. मी बदललंय. आई, बोल ना काहीतरी."

आईने मला काढलं, पण हातातच ठेवलं. म्हणाली, "गाणं चांगलं आहे. पण चुकलंय."

"काय चुकलंय?"

"दार उघडं नव्हतं. मी बंद केलं होतं. आतून कडी लावली होती. तो गेला नाही गं, मी घालवलं त्याला. रात्रभर जिन्यात बसून होता. सकाळी तू उठलीस तेव्हा दार उघडं दिसलं, कारण मी खाली बघायला गेले होते."

"काय बघायला?"

"गेला का ते." मग माझी वायर बोटाला गुंडाळत म्हणाली, "की परत बोलवायला गेले होते, कोण जाणे. मलाच अजून कळलेलं नाही."

 चिमी त्या कोऱ्या करकरीत झग्यासकट जमिनीवर बसली. "एवढी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? तू गाणी लिहीत होतीस."

 रेकॉर्डिस्ट भिंतीकडे तोंड करून उगाच वायरी गुंडाळायला लागला.

"पण का घालवलंस?" चिमीने विचारलं.

"ते नाही सांगायची. त्याचंही गाणं करशील!" आई म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. चिमी तिला बिलगली. "झगा चुरगळेल, अगं झगा," असं म्हणत म्हणत आईनेच तिला घट्ट धरलं.

निघताना आई म्हणाली, "बोटीचं जे आहे ना, ते माझं गाणं समज. मी रचलंय, लोकांना आवडलंय, चालू दे. तू पाखरू गा. पण ते दुसरं मला दे. माझ्यापुरतं."

तर असं झालं. जगाला पाखरू मिळालं. मुलाखतीत चिमीला विचारलं, "पाखरू म्हणजे नक्की कोण?" ती म्हणाली, "पाखरू म्हणजे पाखरू." गाणं बरं चाललं. मोज्यांइतकं नाही.

पुढे माझी डावी बाजू खरखरायला लागली आणि एके दिवशी बंदच पडली. रेकॉर्डिस्टने मला भंगाराच्या खोक्यात टाकलं. तिथून चिमीने मला बाहेर काढलं, आईच्या मोबाईलमध्ये गाईड भरून दिलं आणि मलाही त्याच्याबरोबर. तेव्हापासून मी लाँड्रीत असतो. इस्त्रीची वाफ खाऊन माझा फोम पार सुरकुतला आहे.

कपडे कमी असले की आई मला कानाला लावते, गाईड ऐकते आणि सोबत गुणगुणते. पण एक शब्द बदलून. गाण्यात 'गेला' आलं की ती 'घालवला' म्हणते. मीटरमध्ये बसत नाही, तरी कोंबते. मला पहिल्यांदा ते खटकायचं. आता कोणी तसं नाही गायलं तर चुकल्यासारखं होईल.

आणि काल काय झालं माहीत आहे? काउंटरवर पावत्या फाडणारी तिची मैत्रीण आहे, वर्षानुवर्षांची. ती आली आणि म्हणाली, "रोज काय गं ऐकतेस एवढं?" मला वाटलं, आई नेहमीसारखं काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. पण तिने इस्त्री उभी करून ठेवली, मला स्वतःच्या डोक्यावरून काढलं आणि मैत्रिणीच्या डोक्यावर ठेवलं. "उजवीकडचंच चालतं," म्हणाली. "ऐक."

 मी गायलो. बाबा, दार, बोट, सगळं गायलो. आई समोर उभी राहून एकच शर्ट पुन्हा पुन्हा घडी करत होती. कॉलर वर, कॉलर खाली. 

मैत्रिणीने शेवटपर्यंत ऐकलं. मला काढलं, काउंटरवर ठेवलं. म्हणाली, "अगं, आम्हाला काय माहीत नव्हतं का? एवढ्या वर्षांत एकदाही सुट्टीवर न येणारी बोट कुठली असते?"

आईने शर्ट बाजूला टाकला. "मग बोलली कशी नाहीस?"

"तू इतकं छान सांगायचीस बोटीचं. बंदरं काय, वादळं काय! मोडवेना मला."

दोघी इतक्या हसल्या की बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावलं.

तेव्हापासून माझं काही धड चालेना झालंय. चिमीने गायला हवं होतं की नको? ज्यांच्यापासून लपवलं त्यांना आधीच माहीत होतं, आणि जिने ते गाण्यात गायलं तिलाच खरं काय ते माहीत नव्हतं. डावी वाटी असती तर भांडायला तरी कोणी असतं. तुम्हाला काही कळलं तर मला सांगा. हळू सांगितलंत तरी चालेल, पण उजव्या बाजूने सांगा.

चला, आई येते आहे. हातात मोबाईल आहे, पण आज मला नुसतं गळ्यात अडकवलंय. गाणं लावलेलं नाही, ती नंबर लावते आहे. घंटी वाजते आहे. पलीकडून चिमी म्हणाली, "काय गं आई?"

"कामात आहेस?" आई म्हणाली. "नसशील तर बस जरा. का घालवलं, ते सांगते."