नावानं हाक आली तरी

माझं गाढव पांढरं आहे. रोज सकाळी केसांच्या काळ्या रंगानं मी त्याच्यावर पट्टे ओढते आणि त्याला आवेनिदा रेव्होलुसिओन या हमरस्त्याच्या कोपऱ्यावर गाडीला जुंपून उभं करते. सरहद्दीच्या पुलापलीकडून आलेले अमेरिकन या झेब्र्याबरोबर फोटो काढून घेतात. ते गाढव आहे हे त्यांना कळतं, त्यांना कळतं हे मलाही कळतं, त्यामुळे माझ्या थापेनं आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही. समोरच्या एव्हारिस्तोची थाप मात्र वेगळ्या जातीची होती.

एव्हारिस्तो 'एल फाइसान' बारच्या दारात उभा राहून गिऱ्हाईक ओढायचा. अंगात पिवळंधमक जाकीट, घसा बसलेला, आणि इंग्रजी असं की गोऱ्यांनी तोंडात बोट घालावं. घालतील नाही तर काय, तो वाढलाच तिकडे होता. तिकडे राहायचे कागद मात्र नव्हते. एका सकाळी कामावर जाताना पकडला आणि पुलावर आणून सोडला. त्याची पोर नायेली तेव्हा दुसरीत होती. बायकोकडेही कागद नव्हते, त्यामुळे ती इकडे आली असती तर परत जाऊ शकली नसती. पोर तेवढी तिकडेच जन्मलेली. ती मोठी झाली की आपल्या पासपोर्टवर आपली आपण भेटायला येईल, या एका गोष्टीवर हा माणूस दिवस काढत होता.

पोरीला त्यानं सांगितलं होतं, की मी एका कंपनीच्या ऑफिसात साहेब आहे. ऑफिसात व्हिडिओ कॉल चालत नाही, असंही सांगितलं होतं. खरं म्हणजे त्याचे पुढचे दात गेले होते, डोकं पार तुळतुळीत झालं होतं, आणि पोरीपाशी असलेल्या फोटोत दाट केसांचा, मिशीवाला जवान होता. मी कितीदा म्हटलं, की बाबा, सांगून टाक, गिऱ्हाईक ओढणं काही चोरी नाही. तो मला लालाबाई म्हणावं तसं म्हणायचा, "दोन्या लाला, तुम्ही तुमचं गाढव रंगवा."

या वसंतात नायेली अठरा वर्षांची झाली. रविवारी दुपारी एका बऱ्याशा हॉटेलात बापलेकीनं जेवायचं ठरलं. त्यासाठी एव्हारिस्तोनं कुणाचा तरी कोट मागून आणला, कवळीची चौकशी केली आणि किंमत ऐकून परत आला. पण पोरीला शनिवारीच मैत्रिणींबरोबर यायचं होतं. तिकडे एकविसाव्या वर्षापर्यंत बिअर मिळत नाही, इथे अठराव्याला मिळते, मग कोण थांबतंय. नाही म्हणायचा त्याला धीर होईना. माझ्या गाडीच्या पायरीवर बसून फोनवर तो तिला शिकवणी देत राहिला. पुलाशी घोळक्यानं उभ्या टॅक्सीत बसू नको, गाडी फोनवरून मागव. पासपोर्ट आतल्या खिशात ठेव. बाटली तुझ्यासमोर उघडायला लाव, आणि नाचायला उठलीस तर परत येऊन तीच बाटली तोंडाला लावू नको. जिना चढून जावं लागेल अशा ठिकाणी जाऊच नको. पोलिसानं अडवलं तर हसून बोल. संध्याकाळी सहाव्या गल्लीत जा, तिथे तुमच्या वयाची पोरं असतात. फोनवर त्याचा आवाज अगदी हळू, मऊ असायचा. दारातल्या आरोळीशी त्याचं काही नातं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यानं तीनतीनदा बजावली. "दारात उभे असतात ना, त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. ज्याचं इंग्रजी सगळ्यात चांगलं तो सगळ्यात लबाड. मागून मैत्रीण तुला हाक मारते तेवढ्यात ते नाव उचलतात. नावानं हाक आली तरी वळायचं नाही. वचन दे."

तिनं वचन दिलं. स्वतःच्या धंद्याची इतकी चांगली माहिती पोरीला देऊन झाल्यावर तो खूश दिसला.

शनिवारी पोरी संध्याकाळपर्यंत थांबल्याच नाहीत. ऊन रस्त्यावर असतानाच चौघी हसत खिदळत रेव्होलुसिओनवर आल्या, कारण त्यातल्या एकीला झेब्रा बघायचा होता. एव्हारिस्तो नेहमीसारखा ओरडत होता. मधेच त्याचा आवाज तुटला. मग त्यानं हाक मारली, "नायेली!"

बारच्या भोंग्यातून गाणं चाललं होतं, तरी हाक ऐकू गेली. ती पोरीच्या खांद्यांत मला दिसली. ते ताठ झाल्यासारखे झाले, पण मान वळली नाही. नजर समोर ठेवून ती त्याच्यापासून हातभर अंतरावरून पुढे गेली आणि रस्ता ओलांडून थेट माझ्याकडे आली. हनुवटी बापाची, चालणंही बापाचं, मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"सेन्योरा," ती मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "त्या माणसाला माझं नाव कळलं. माझे पापा म्हणालेच होते असं होईल." बोलताना तिचा चेहरा अभिमानानं फुलला होता.

मी तोंड उघडलं. पलीकडून एव्हारिस्तो मान हलवत होता, नको, नको. मला इतका राग आला की त्याला जाऊन एक लगावावी असं वाटलं. बोलले नाही, पण गाढवाचा लगाम धरून गाडी फिरवली, बारचं दार बरोबर मागे येईल अशी. निदान एका फोटोत तरी बापलेक एकत्र येऊ देत म्हटलं. एक माझ्या कॅमेऱ्यावर काढला, एक तिच्या फोनवर.

पोरी गेल्यावर मी तडक रस्ता ओलांडला. त्याला म्हटलं, "घरी तिला पुल्गिता म्हणायचास ना? चिमुकली पिसू. दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही ते नाव. मग तेच का नाही घेतलंस?"

तो जाकिटाची चेन वरखाली करत राहिला.

"तेच घेतलं असतं," तो म्हणाला, "तर ती वळली असती."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नायेलीनं फोटो पाठवला होता. चौघी पोरी, पट्ट्यांचं गाढव, आणि मागे दारात पिवळ्या जाकिटातला बोळका माणूस, हात अर्धा उचललेला. तिनं त्याच्याभोवती लाल गोल काढला होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ते त्यानंच मला वाचून दाखवलं. पापा, हा बघा तुमचा लबाड. माझं नावसुद्धा घेतलं त्यानं. मी वळले नाही. उद्या भेटू.

फोटोत त्याला आणायची हौस माझी होती.

"उद्या जा तरी," मी म्हटलं. "कोट घाल. सांग की तो मीच होतो. हसेल ती."

"हसेल," तो म्हणाला. "आणि मग रडेल. मग आयुष्यभर तिला हेच आठवेल, की बापानं हाक मारली आणि मी वळले नाही."

त्यानं अंगठ्यानं बराच वेळ काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. काय लिहिलंस, मी विचारलं. त्यानं वाचून दाखवलं, फोनवरच्या त्या मऊ आवाजात. शाबास, पुल्गिता. अशीच वाग. उद्या ऑफिस मला अचानक मेक्सिकालीला पाठवतंय, पुढच्या खेपेला नक्की भेटू.

मग त्यानं फोन खिशात टाकला, नाक पुसलं आणि रस्त्यावरून येणाऱ्या पोरींच्या पुढच्या घोळक्याकडे बघून आरोळी ठोकली.