निवांत दिवसांची शिकवणी

बंदराच्या रडारखोलीत तिला सगळे ‘मास्तरीणबाई’ म्हणत, कारण तिचं काम यंत्राला शिकवायचं. रडारच्या जाळ्यात कुणी चोरून शिरलं आणि समुद्रात नसलेलं जहाज पडद्यावर दाखवलं, की तिच्या डीप लर्निंगच्या मॉडेलनं भोंगा वाजवायचा. त्यासाठी नेहमीचा पडदा कसा असतो हे त्याला आधी दाखवावं लागतं. तिनं रडारवाल्यांकडे चांगल्या दिवसांच्या नोंदी मागितल्या. त्यांनी ठेवणीतले दिवस काढून दिले. हवा स्वच्छ, समुद्र निवांत, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं तसं! वादळी दिवस तिनं एकही मागितला नाही. शिकल्यासवरल्या माणसाची अक्कल कधी कधी अशी चरायला जाते.

मग वादळ आलं. उसळत्या लाटांचे ठिपके बघून मॉडेलनं जी बोंब ठोकली ती थांबेचना.

“बाई, तुमचं कार्टं आवरा, कान किटले आमचे!” रडारखोलीचे साहेब ओरडले. सगळे खो खो हसले. ती ओशाळली आणि वादळ सरेपर्यंत तिनं भोंगाच बंद करून टाकला. चार लोकांत हसं झालं ते सोसलं नाही, एवढंच खरं.

त्याच दुपारी कुणीतरी खरोखर रडारच्या जाळ्यात शिरलं. तिचा दादा मोठी जहाजं ओढून आणणाऱ्या टगबोटीचा कप्तान. बंदराचाच पडदा त्याच्या बोटीवरही दिसायचा आणि भोंगा खरा निघाला की रडारखोली वायरलेसवरून बोटींना सावध करायची. पावसात बाहेरचं काही दिसत नव्हतं. पडद्यावर अचानक समोर भलंमोठं जहाज आलं, दादानं बोट वळवली आणि ती दगडी बांधावर आदळली. जहाज तिथे नव्हतंच. माणसं वाचली, पण दादाचा पाय गुडघ्यापासून गेला.

इस्पितळात वहिनी उशाशी बसली होती. दादानं बहिणीचा हात धरला.

“आमचा खलाशी म्हणत होता, कप्तान, हे जहाज खोटं वाटतंय. मी त्याच्यावरच खेकसलो. म्हटलं, खोटं असतं तर भोंगा वाजला असता, माझी बहीण बसलीय तिथं.” तो कसनुसा हसला. “चोर भारीच हुशार निघाले गं. तुझ्या यंत्रालाही फसवलं.”

एवढी आयती सबब कुणी देत नाही. तिला ती घ्यावीशी वाटली, फार वाटली.

“नाही रे दादा. भोंगा बंद असला तरी आतल्या नोंदीत यंत्र त्या जहाजावरही ओरडत होतं. मीच त्याचं तोंड बांधलं होतं.”

दादानं मान वहिनीकडे वळवली. म्हणाला, “त्या खलाशाला बोलावून घे. मला त्याची माफी मागायचीय.”