दोन कप्तानांचे टेबल

अंतराळयानाची ती मालिका इतकी वर्षे चालली होती की तिच्यातली संकटेही आता घरच्या माणसांसारखी झाली होती. कधी यानातली हवा संपे, कधी काळ एकाच दिवसात अडकून बसे, कधी सगळे खलाशी आपापली नावे विसरत, आणि कधी कप्तानासारखाच हुबेहूब दुसरा कप्तान दारात येऊन उभा राही. भाग संपेपर्यंत सारे सुरळीत होई, आणि पुढच्या भागात मागचे कुणालाही आठवत नसे.

स्टुडिओच्या मागच्या अंगाला सेटची कार्यशाळा होती. तिथे प्रत्येक संकटासाठी एक कपाट राखून ठेवलेले होते. ‘हवा संपली’ या कपाटात लाल दिवे आणि धुराच्या नळ्या, ‘काळ अडकला’मध्ये एकदम थांबणारी घड्याळे, ‘जुळा आला’मध्ये कप्तानाच्या गणवेशाची दुसरी प्रत. ही व्यवस्था कार्यशाळेच्या प्रमुखांनी लावली होती. त्यांची भाची याच मालिकेच्या लेखकांच्या हाताखाली काम करी, आणि तिच्यामुळे सगळा स्टुडिओ त्यांना मामा म्हणू लागला होता. गणवेश शिवणाऱ्या त्यांच्या पत्नी ओघानेच सर्वांच्या मामी झाल्या.

संहिता हाती आली की मामा ती उभ्या उभ्या वाचत. संकट ओळखू आले की पाने मिटून ते कपाट उघडत आणि कामाला लागत. या पद्धतीमुळे त्यांच्या कारकिर्दीत सेटसाठी चित्रीकरण कधीच खोळंबले नव्हते.

भाचीने स्वतंत्रपणे लिहिलेला पहिला भाग आला, तेव्हाही मामांनी तेच केले. दारात दुसरा कप्तान उभा राहिला आणि मामांनी पाने मिटली. जुळा आला म्हणजे शेवटी दोघांची मारामारी होणार, आणि मारामारी झाली म्हणजे दोघेही भिंत फोडून पलीकडे कोसळणार, हे ठरलेलेच होते. ही भिंत थर्माकोलची असे आणि दर वेळी नवी करावी लागे. मागच्या खेपेस ती वेळेआधीच कलली होती, म्हणून या वेळी मामांनी तिला भक्कम आधार द्यायचे ठरवले. यानाच्या जेवणघरातले लोखंडी टेबल एका कोपऱ्यात धूळ खात पडले होते. यानात कधी कुणी जेवतच नसे! टेबलाचे पाय सोडवून ते भिंतीच्या मागे टेकू म्हणून लावले, आणि वरचा पत्रा कापून त्याच्या पट्ट्या केल्या. भिंत अगदी ओळंब्यात उभी राहिली.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी भाची नवे कपडे घालून कार्यशाळेत आली. तिने सगळीकडे पाहिले, मग वाकून भिंतीच्या मागेही पाहिले.

“मामा, टेबल कुठाय?”

“कसलं टेबल?”

“जेवणघरातलं. शेवटी दोघं समोरासमोर बसतात ना!”

“बसतात? मारामारी करत नाहीत?”

“मामा, तू कुठपर्यंत वाचलंयस?”

उत्तर आले ते कोपऱ्यात गणवेश शिवत बसलेल्या मामींकडून. त्यांनी दातांत धरलेली टाचणी काढली. “दुसरा दारात आला तिथपर्यंत. पैज लाव माझ्याशी. अगं, माझं बोलणंसुद्धा हे पहिल्या वाक्याला ओळखून मोकळे होतात. इतकी वर्षं झाली, माझं दुसरं वाक्य यांनी ऐकलेलं नाही.”

“काय होतं मग शेवटी?” मामांनी पडेल आवाजात विचारले.

“खरा कोण, ते ठरतच नाही. दुसरा म्हणतो, मलाही माझे खलाशी आठवतात, मी जाऊ कुठे? पहिला त्याला जेवायला बसवतो आणि आपलं ताट त्याच्याकडे सरकवतो. बस्स. त्याच्यासाठीच तर सगळं लिहिलंय मी.”

तेवढ्यात दिग्दर्शक आला. भिंत पाहून तो खूश झाला, आणि टेबल नाही म्हटल्यावर त्याचे फारसे बिघडलेही नाही. “मग नेहमीचीच मारामारी घेऊ. चालतं लोकांना.”

“मग यात माझं काय उरलं?” भाचीने विचारले.

“नाव उरेल. पहिल्या खेपेला सगळ्यांचं तेवढंच उरतं,” तो म्हणाला. त्याच्या स्वरात कडवटपणा नव्हता. बहुधा स्वतःच्याच अनुभवाचे बोल होते.

“जेवणाच्या सुट्टीनंतर टेबल उभं असलं तर?” मामांनी विचारले.

“तर टेबलावर घेऊ. मला काय, भिंतीशी लग्न लावायचंय का?”

मामांनी भिंत उतरवायला घेतली. पाय परत मिळाले, पण पत्र्याच्या पट्ट्यांचा पुन्हा पत्रा होणे शक्य नव्हते. तेव्हा भिंतीचाच एक तुकडा त्यांनी पायांवर आडवा ठेवला, कडांना पट्टी मारली आणि त्यावर पोलादी रंग दिला. लांबून पाहणाऱ्याला ते अस्सल टेबल वाटले असते.

सुताराने मान हलवली. “मामा, चहाचा कप ठेवलात तरी आरपार जाईल.”

“मग ठेवू नकोस.”

ताटे पुठ्ठ्याची केली. खरी अडचण वेगळीच होती. दोन्ही कप्तान एकच नट करणार होता. कॅमेरा जागचा न हलवता आधी त्याला डावीकडे बसवून, मग उजवीकडे बसवून चित्रण घ्यायचे, आणि नंतर दोन्ही अर्धी जोडायची. मधल्या काळात टेबल केसभर जरी हलले तरी जोड उघडा पडला असता. आणि प्रत्येक संवादाच्या शेवटी मूठ आपटायची, ही त्या नटाची जुनी सवय.

मामी त्याच्या कॉलरची घडी बसवता बसवता म्हणाल्या, “कप्तान, आज हात मांडीवर. टेबलाला बोट लावलंस तर पुढच्या भागाचा गणवेश दोन बोटं तंग शिवीन.”

“पोटात की गळ्यात, मामी?”

“जिथं जास्त लागेल तिथं.”

चित्रीकरण सुरू झाले. हातांचे काय करावे हे नटाला कळेना, म्हणून तो ते मांडीवरच घट्ट धरून बसला. बोलता बोलता मूठ वर येई, टेबलापाशी थबके आणि मागे फिरे. उजवीकडे बसल्यावरही तसेच झाले. दोघेही जणू परक्या घरी आल्यासारखे अवघडून बसले होते, आपले इथे कितपत चालते याचा अदमास घेत. शेवटी डावीकडच्याने दोन बोटांनी ताट पुढे सरकवले. पुठ्ठ्याचे ताट आवाज न करता गेले. टेबल हलले नाही.

दिग्दर्शकाने दोन्ही अर्धी पडद्यावर शेजारी शेजारी लावून पाहिली. मग त्याने ती पुन्हा लावली, या वेळी स्वतः खुर्चीवर बसून.

“राहू दे असंच,” तो म्हणाला. “मारामारी नको.”

भाचीने मामांचा रंगाने माखलेला हात धरला. तिच्या नव्या बाहीला पोलादी डाग पडला, तोही तिने पुसला नाही.

“सुटलो बुवा!” म्हणून नट समाधानाने पुढे झुकला आणि त्याने दोन्ही कोपर टेबलावर टेकले. दुसऱ्या क्षणी तो हनुवटीपर्यंत थर्माकोलमध्ये होता.

“घ्या,” मामी म्हणाल्या, “भिंत फोडल्याशिवाय याला चैन पडायचं नाही!”

सगळ्यांत मोठ्याने भाची हसली.

पुढच्या भागाची संहिता आली, तेव्हा पहिल्याच पानावर यानातली हवा संपत होती. सुतार सवयीने लाल दिव्यांच्या कपाटाकडे वळला. मामांनी त्याला हाताने थांबवले, स्टूल ओढून चष्मा लावला आणि पान उलटले.

“अहो, जेवायला येताय ना? आज मी...” दारातून मामी म्हणाल्या.

“आज तू काय?” मामांनी मान वर करून विचारले, आणि पुढचे वाक्य ऐकायला थांबले.