त्याच दिवशीची सही

प्रसूतिगृहाच्या पायाचे चाळीस पाइल, म्हणजे इमारतीचा भार पेलणारे खांब, जमिनीत ठोकून झाले आणि त्याच दुपारी साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत ते पक्के बसल्याचे चाळीस दाखले सहीसाठी टेबलावर आले. अभियंताबाईंनी पेनाचे टोपण काढले. आज ठोका, आजच सही करा, हाच आजवरचा शिरस्ता होता.

"बाई, आठ दिवस थांबा." हातोडायंत्र चालवणारे ठोकेकाका दारातूनच म्हणाले. "मग पुन्हा ठोकून बघू."

"काका, शेवटच्या इंचाला पंधरा ठोके लागलेत. आणखी काय हवं?"

"खरं हवं! खाली घट्ट, ओली गाळमाती आहे. दणका बसला की तिचे कण एकमेकांवर चढतात, मधली जागा वाढते, पाण्याला ओढ बसते. ती ओढच कणांना आवळून धरते. पाइल हलत नाही, आपण खूश! मग पाणी सावकाश झिरपत येतं, ओढ संपते, पकड सुटते. पाहुण्यांपुरतं शहाणं होणारं कार्टं पाहिलं नाहीत का कधी?"

बाई हसल्या. "पुस्तकात वाचलंय मी हे."

"मग सही करताना कुठे जातं ते पुस्तक?"

हसू मावळले. बाईंनी मोठ्या साहेबांना फोन लावला. "आठ दिवस यंत्र रिकामं ठेवू? सगळीकडे असंच चालतं!" साहेब कडाडले. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हेच वाक्य त्यांनी स्वतः किती जणांना ऐकवले होते!

"माझी सही आठ दिवसांनी," म्हणून त्यांनी टोपण लावले.

नवव्या दिवशी पहिल्याच पाइलवर पुन्हा हातोडा पडला. बाई स्वतः मोजत होत्या. सहाव्या ठोक्यालाच पाइल इंचभर खाली गेला. पंधराचे सहा! याच्या भरवशावर बाळंतिणींच्या खाटा मांडल्या जाणार होत्या!

"जोड देऊन आणखी खोल ठोका," बाई म्हणाल्या. "आणि पुन्हा आठ दिवस थांबा." मग हलकेच विचारले, "काका, नदीपलीकडच्या शाळेचे पाइल ठोकायलाही तुम्हीच होतात ना?"

"होतो. तेव्हाही थांबा म्हटलं होतं."

"मी काय म्हणाले होते?"

"'काका, तुमचं काम ठोकायचं.'"

बाईंची मान खाली गेली. त्यांनी कोरा कागद ओढला. पायाची तपासणी होईतो शाळेचे वर्ग भरवू नयेत, असे पत्र लिहिले. पत्राची पहिली ओळ होती : 'शाळेचे पाइल पुन्हा न तपासता मी सही केली.'

वाचकहो, दणक्याखाली दबलेल्या जमिनीचा होकार खरा मानू नका. तिला पुन्हा विचारायला लागणारे आठ दिवस ज्यांना जड वाटतात, त्यांनी दुसऱ्यांच्या डोक्यावर छप्पर उभारू नये!