कडूबाकाकांच्या बोटावर आकडा आला नाही

मित्रांनो, मी एक जुना ऑक्सिमीटर. दिसायला कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा. बोटाला लावलं की रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगतो. कोरोनात धाड गावच्या आशा सेविका अन्नपूर्णाताई मला घेऊन दारोदार फिरल्या. तेव्हा लोक माझ्या आकड्याकडे श्वास रोखून बघायचे. साथ ओसरली आणि मी पिशवीच्या तळाशी गेलो, गोळ्यांच्या पाकिटांखाली.

यंदा जानेवारीत कडूबाकाकांचा खोकला थांबेना, म्हणून ताईंनी मला पुन्हा बाहेर काढलं. काकांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाला लावलं. माझ्या पडद्यावर नुसत्या दोन रेघा.

"मेलं वाटते तुयं मशीन," काकांच्या बायको झुंबरकाकू त्यांच्याकडे बघत म्हणाल्या. "आमच्या यायच्यासारखंच, एका हाकेत उठत नाही."

ताईंनी सेल बदलले, मला तळहातावर आपटलं. मला वाईट वाटलं. बोटात रक्तच पोचत नसेल, तर मी आकडा कुठून आणू? मग त्यांनी मला स्वतःच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. काकांच्या डाव्या हाताला लावलं. शहाण्णव. पुन्हा त्या बोटाला, तर रेघाच. तेव्हा कुठे त्यांनी मला सोडून बोट नीट बघितलं. टोक काळंनिळं, थंडगार, आणि वर पाण्याचा फोड.

"हा फोड कायचा, काका?"

"सुन्न पडते न बाई. म्हणून चुलीवर शेकून राह्यलो रोज."

"अन् चटका बसला, तो समजला नाही?"

"नाही," काका म्हणाले. याच हातांनी ते तीन म्हशींचं दूध काढतात.

ताईंनी बोट कोरड्या कापसात गुंडाळलं आणि त्याच दिवशी काकांना जीपने बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, बिडीमुळे बोटातल्या रक्ताच्या नळ्या बंद होत चालल्यात. बिडी सुटली नाही तर बोट कापावं लागेल. मग नळ्या रुंद करणारं औषध सलाईनमधून पाच दिवस चाललं. नख गेलं, टोकाची कातडी झडली. बोट राहिलं.

अजून काकांचा हात सवयीने खिशात जातो. तिथे काकूंनी शेंगदाणे भरून ठेवलेत.

मित्रांनो, घरात कुणाचं बोट पांढरं किंवा निळं पडून सुन्न होत असेल, तर ते आगीवर शेकू देऊ नका, लवकर दवाखान्यात न्या. आणि आजोबांचा हात कधीतरी हातात घेऊन बघत जा. ही माणसं आपणहून काही सांगत नाहीत.